पुढं सरका मामा

ज्या गावात शांतता समितीच्या बैठकीत एखादा माणूस बिनधास्त झोपू शकतो, त्या गावाची फारशी काळजी करायचं कारण नाही, असं माझं मत आहे. आमच्या गावात हा मान मामांचा.

सण तोंडावर आले की पोलीस ठाण्याच्या आवारात ही बैठक भरते. प्लास्टिकच्या खुर्च्या, पातळ चहा, माणशी दोन बिस्किटं आणि भाषणं. जो उठतो तो सांगतो की आपल्या गावाला एकोप्याची थोर परंपरा आहे. सांगतो तेही अशा आवाजात, की परंपरेची तब्येत बरी नसावी अशी शंका येते. मामा पहिल्या रांगेत बसतात आणि दुसऱ्या वक्त्याला मान टाकतात. शेवटी साहेब विचारतात, "मामा, तुम्हाला काही सांगायचंय?" मामा डोळे न उघडता म्हणतात, "चावडीपाशी टीव्हीची केबल खाली आलीया. ताबूत अडकतोय, गणपतीचा हात अडकतोय. तेवढी वर घ्या. बाकीचं आम्ही बघतो."

मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खाकी गेली, पण आवाज गेला नाही. देवळाच्या दारात गर्दी झाली, दर्ग्याच्या पायरीवर झाली, चर्चमध्ये नाताळच्या रात्री झाली, की कुठून तरी ऐकू येतं, "पुढं सरका, पुढं सरका! मधी रिकामं हाय, दारात कशाला गोळा झालाय?" आणि लोक सरकतात. देवाच्या दारातही माणूस जागा धरून ठेवतो हे मामांना नोकरीतच कळलं होतं. "गाडीत चढलेला मानूस," ते म्हणतात, "खालच्याला सांगतो, जागा न्हाई. आन् खालचा चढला की पयला त्योच दार लावतोय." यात काही खोल अर्थ आहे असं त्यांना मुळीच वाटत नाही. ते फक्त गर्दीची तक्रार करत असतात.

कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात असा एक मामा गावोगाव सापडेल. कुठे तो तात्या असतो, कुठे चाचा. आमच्या मामांचं वैशिष्ट्य एवढंच, की त्यांचा सगळा भूगोल उत्सवांवर बसवलेला आहे. कुरुंदवाड म्हटलं की त्यांना थांबा आठवत नाही, मशिदीत बसणारे गणपती आठवतात. तिथं एक नव्हे, पाच मशिदींत गणपती बसतो. गोटखिंडी म्हणजे वाळवा तालुक्यातलं ते गाव, जिथं पावसाच्या त्रासातून गणपती मशिदीत आला आणि १९८० पासून तिथंच बसतो. कोल्हापूर म्हणजे बाबूजमाल दर्गा, ज्याच्या प्रवेशद्वारावर गणपती आहे. आणि मिरज म्हणजे उरुसाच्या जादा गाड्या. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा चढतो, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात गाण्याच्या बैठकी होतात. किराणा घराण्याच्या गाण्याबद्दल मामांचं मत विचाराल तर ते म्हणतात, "चांगलं असतंय. पर लई उशिरा सुटतंय. शेवटची गाडी चुकती."

गावात जेवढ्या उत्सव समित्या आहेत, तेवढ्यांचे मामा खजिनदार. मारुतीच्या जयंतीचे, पिराच्या पंजांचे, जैन बस्तीच्या मिरवणुकीचे, भीमजयंतीचे. चर्चच्या नाताळचेसुद्धा, जरी चर्चच्या घटनेत असं पद बाहेरच्याला देता येत नाही. पाळकसाहेबांनी तसं एकदा हळूच सुचवून पाहिलं. मामा म्हणाले, "पद नको मला. वही तेवढी द्या." अध्यक्ष व्हायला ते कधीच तयार होत नाहीत. अध्यक्षाच्या गळ्यात हार पडतो, खजिनदाराच्या हातात किल्ली असते, हा फरक त्यांनी फार लवकर ओळखलेला आहे.

आता एवढ्या समित्यांवर असलेल्या माणसाला धर्माधर्मांची थोडी माहिती असावी, अशी अपेक्षा कुणी करील. तर ती नाही. मामांना कुठल्याच धर्मातलं काही कळत नाही, आणि यात ते आपपरभाव करत नाहीत. स्वतःच्या घरच्या सत्यनारायणाला ते कथेच्या तिसऱ्या अध्यायात बाहेर येऊन आचाऱ्याला ओरडत असतात. ख्रिस्ती लोकांत प्रसाद म्हणून काय देतात हे त्यांना ठाऊक आहे, का देतात हे नाही. पिराला ऊद घालतात, मारुतीला शेंदूर लावतात, बस्तीत कांदा चालत नाही, विहारात मेणबत्त्या लागतात, त्याही पांढऱ्या. एवढं ज्ञान त्यांना पुरतं. कारण मामांच्या लेखी धर्म म्हणजे सामानाची यादी.

पण ही यादी ते चुकू देत नाहीत. आमच्याकडच्या एका पुढाऱ्याचा फ्लेक्सवाल्याकडे हात जोडलेला फोटो कायमचा तयार असतो. सण येईल तशी खालची पट्टी तेवढी बदलतात. एका साली चौकात झळकलं, 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा'. मामा थेट पुढाऱ्याच्या दारात. "साहेब, आमच्याकडं लेझीम हाय, चोंगे हायत, पोरं फकीर होत्यात, करबल खेळत्यात, समदं खरं. पर त्येंच्या घरात कुणीतरी गेलंय. मयताच्या दारात कुणी शुभेच्छा देतंय व्हय?" पट्टी तासाभरात उतरली. कर्बला कुठे आहे, हे मात्र मामांना आजही विचारू नये. ते सोलापूरच्या पुढे कुठेतरी असावं, असा त्यांचा अंदाज आहे.

मामांची खरी भानगड भांड्यांची आहे.

पिराच्या पंचांकडे एक भलीमोठी तांब्याची डेग आहे. म्हणजे होती. ती मारुतीच्या भंडाऱ्याला मागून आणली. तिथून ती नाताळच्या जेवणाला चर्चच्या आवारात गेली, आणि चर्चचा लांब दांड्याचा झारा तेव्हा बस्तीत होता. बस्तीच्या पराती भीमजयंतीला गेल्या त्या समाजमंदिरातच राहिल्या. समाजमंदिराच्या सतरंज्या दर्ग्यात. प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, त्यामुळे कुणाचं काय, याबद्दल वाद नाही. वाद फक्त ते परत कधी द्यायचं याचा. "क्या मामा, हमारी डेग कब देते?" असं हाजीसाब रस्त्यात भेटले की विचारतात. मामा सांगतात, "चर्चवाल्यांनी झारा मागितलाय, तो बस्तीतनं सुटला की तुमची डेग सुटली." हे उत्तर गेली कित्येक वर्षं चालू आहे.

एकदा एका उत्साही तरुण सभासदाने सुचवलं की सगळ्यांनी एका रविवारी बसावं, ज्याचं त्याला परत द्यावं, आणि इथून पुढे प्रत्येकाने आपापली भांडी घ्यावीत. समाजकार्यात त्याने पदवी घेतलेली होती. मामा त्याच्याकडे, बिनतिकिटाच्या प्रवाशाकडे बघावं तसं बघत राहिले. "आन् मग," ते म्हणाले, "मी हाजीसाबच्या दारात कशाला जाऊ?"

या माणसाला गंभीरपणे घ्यायचं की नाही, हे मला पूर्वी ठरवता येत नसे. मग २००९ च्या सप्टेंबरात मिरजेत विसर्जनाच्या तोंडावर एका स्वागतकमानीवरच्या चित्रावरून दंगल उसळली. संचारबंदी लागली, लोण सांगलीला आलं, इचलकरंजी-कोल्हापूरपर्यंत झळ पोचली. मामा तेव्हा अजून नोकरीत; गाड्या बंद, म्हणून घरी. आमच्या गावात काही घडलेलं नव्हतं, पण दुकानांच्या फळ्या अर्ध्याच उघडत होत्या आणि लोक कमी बोलत होते. अशा वेळी गावातल्या पोक्त माणसाने काय करावं? मामांनी वही काढली आणि घरोघर वसुलीला निघाले. मागच्या भंडाऱ्याचे एकशेपन्नास, उरुसाच्या मांडवाचे राहिलेले, नाताळच्या केळ्यांचे. ज्यांचं देणं नव्हतं त्यांना भांडी विचारली. हिंदूच्या घरात बसून मुसलमानाला हाक, मुसलमानाच्या ओट्यावर उभं राहून जैनाला बोलावणं, "इकडं ये, ह्यांच्यासमोर सांग, परात कुणी नेली?" चार दिवस नुसता कलकलाट. त्या आठवड्यात सगळं गाव मामांवर चिडलेलं होतं. एकमेकांवर चिडायला कुणाला सवड झाली नाही.

हे त्यांनी ठरवून केलं असं म्हणायला मन फार धावतं. मला तसं वाटत नाही. त्यांचं एक पितळेचं पातेलं खरोखरच हरवलं होतं.

मामांची कीर्ती कळसाला पोचली ती एप्रिल २०२२ मध्ये. पंचांग, चाँद आणि ख्रिस्ती दिनदर्शिका यांनी मिळून त्या आठवड्यात कट केला होता. १४ एप्रिलला गुरुवारी आंबेडकर जयंती, त्याच दिवशी महावीर जयंती, रमजान चालू. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. तिसऱ्या दिवशी सूर्योदयाला हनुमान जयंती. वर दोन वर्षांच्या करोनानंतर पहिल्यांदाच मोकळीक, म्हणजे प्रत्येकाला उत्सव दुप्पट करायचा. त्यातच महाराष्ट्रभर भोंग्यांचं राजकारण तापलेलं. आणि गावात मांडववाला एक, त्याच्याकडे ॲम्प्लिफायर एक आणि धड वाजणारे कर्णे दोन.

मामांनी चौकात एकच मांडव घातला, तीन दिवसांचा. लगेच कापडाच्या रंगावरून ठिणगी पडली. निळा, हिरवा, भगवा. आणि कापड बदलायची मजुरी मांडववाला दर खेपेला वेगळी लावणार. मामांनी तोडगा काढला, "छत पांढरं. झालर ज्याची त्यानं आणायची." पांढऱ्यावर पाळकसाहेब खूश झाले, कारण गुड फ्रायडेला त्यांना तसंही भडक काही नको होतं. मग झेंडे. मामांनी पोराला सांगितलं, पंचरंगी झेंडा बस्तीच्या बाजूला लाव, आणि एक पंचरंगी समाजमंदिराच्या बाजूला. पोराने नेमका बौद्धांचा पंचरंगी बस्तीकडे लावला आणि जैनांचा समाजमंदिराकडे. सकाळी दहा वाजेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर मात्र दोन्हीकडची तरुण मंडळी तावातावाने आली. मामा म्हणाले, "रंग मोजा. पाच भरत्यात का? मग कमी काय पडलं?" पोरं मोजायला लागली. मोजता मोजता हसायला लागली. मग झेंडे बदलले.

संध्याकाळचं जेवण सगळ्यांचं एकत्र, असं मामांनी परस्पर जाहीर केलं होतं. जाहीर केल्यावर त्यांना अडचण कळली. जैन मंडळी सूर्यास्ताच्या आत जेवणार. रोजेदार सूर्यास्त झाल्याशिवाय घोटभर पाणी घेणार नाहीत. भीमजयंतीची पोरं मिरवणूक सोडून आठच्या आधी येणार नाहीत. चर्चची त्या रात्री प्रभुभोजनाची उपासना, ती सुटल्यावर ते येणार. सर्वधर्मीय सहभोजनाचा फलक लागला आणि एकाही धर्माचा माणूस दुसऱ्याबरोबर पंगतीला बसू शकत नाही! दुसरा कुणी असता तर फलक उतरवला असता. मामांनी वेळापत्रक लावलं. पहिली गाडी सहाला सुटणार. दुसरी मगरिबच्या अजानवर. तिसरी आठला. चौथी चर्च सुटल्यावर, वेळ नक्की नाही, प्रवाशांनी स्थानकावर थांबावं.

जेवण काय ठेवायचं, हा आणखी मोठा घोळ. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मटणाचा तर प्रश्नच नाही. मामांना पिराच्या कंदुरीचं मटण प्राणांहून प्रिय, त्यामुळे राष्ट्रीय एकात्मतेसाठी त्यांनी आयुष्यात केलेला हा सगळ्यात मोठा त्याग समजायला हरकत नाही. शेवटी गव्हाची खीर, भात, डाळीची आमटी आणि काकडी एवढ्यावर तह झाला. खजूर हाजीसाबांकडून.

त्या संध्याकाळचं दृश्य मी पाहिलेलं आहे. मांडवाच्या एका अंगाला बस्तीचे अण्णा पानावर बसलेले, दात नसल्याने सावकाश जेवणारे, आणि दर दोन घासांनी पश्चिमेकडे पाहणारे. दुसऱ्या अंगाला हाजीसाब खजूर समोर ठेवून बसलेले, तेही पश्चिमेकडेच पाहणारे. अण्णांना सूर्य फार घाईत वाटत होता, हाजीसाबांना तो अडून बसलेला वाटत होता. अण्णा म्हणाले, "हाजीसाब, तुमचा बुडंना आणि आमचा थांबंना." हाजीसाब म्हणाले, "अण्णा, तुम चबाओ आराम से. तुमचा होईपर्यंत मी खाली उतरू देत नाही त्याला." मधे मामा, गळ्यात शिट्टी, हातात वही. "पयल्या गाडीवाल्यांनी हात धुवून घ्या! अण्णा, खीर तेवढी वरपा. दुसरी गाडी लागलीया!"

अजान झाली. अण्णा उठले, हाजीसाब बसले. वाढपी तेच होते, बादल्या त्याच. त्यात दोन पोरं अशी होती की ज्यांच्या मोटारसायकलींवर त्या काळात कट्टर असल्याची चकचकीत स्टिकरं होती आणि ज्यांचे मोबाईलवरचे मजकूर वाचून पोलीससाहेबांची झोप उडाली होती. मामांनी त्यांना मुद्दाम आमटीवर घेतलं होतं. आमटीची बादली एका हातात, डाव दुसऱ्या हातात. घोषणेला हात उरत नाही. शिवाय आमटी सांडली तर ज्याच्या अंगावर सांडते त्याची माफी मागावी लागते, आणि आमटी सांडतेच.

दुसऱ्या दिवशी बारा ते तीन चर्चमध्ये उपासना, तेव्हा चौकातले कर्णे बंद. कुणी आदेश काढला नव्हता. मामांनी ॲम्प्लिफायरची पिनच काढून खिशात टाकली होती. ती परत करायची ते विसरले, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मारुतीचा जन्म कर्ण्याविना झाला. पुजाऱ्याने पाळणा घशाने म्हटला. मारुतीची मंडळी संतापली, "मामा, तुम्ही चर्चवाल्यांच्या बाजूचे!" हा आरोप त्यांच्यावर फिरता असतो. उरुसात ते मारुतीच्या बाजूचे ठरतात, नाताळात पिराच्या. सगळ्यांना सारखाच अविश्वास वाटावा इतपत त्यांनी समतोल राखलेला आहे.

त्या आठवड्याचा हिशोब अजून मिटलेला नाही. गूळ चार किलो उरला, तो कुणाचा? जैनांचं म्हणणं, खीर आम्ही सुचवली. हाजीसाबांचं म्हणणं, खजूर मोजले नाहीत. जयंतीच्या पोरांना तिसऱ्या पंगतीत खीर पातळ मिळाली. मामा वही उघडतात, चष्मा लावतात आणि म्हणतात, "वेबिल जुळत न्हाई. पुढच्या साली ओढून घिऊ."

गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मागे एक प्राध्यापक आले होते. त्यांनी सांगितलं की १८९३ ची मुंबईची दंगल आणि त्यानंतरचा सार्वजनिक गणेशोत्सव यांच्या आधी मोहरमच्या ताबुतांपुढे हिंदू मोठ्या संख्येने नाचत असत. पुढे गणपतीचे मेळे निघाले तेही ताबुतांच्या टोळ्यांच्या धर्तीवर. सभागृह अवघडलं. कुणी खाकरलं, कुणी टाळ्या वाजवायच्या की नाही म्हणून शेजाऱ्याकडे पाहिलं. आभारप्रदर्शन मामांकडे होतं. ते म्हणाले, "सरांनी लई मोलाचं सांगितलं. म्हंजे मांडववाला तवाबी एकच असणार." प्राध्यापकांनी हे वाक्य वहीत टिपून घेतलं, याचं मला नवल वाटलं.

अलीकडे मामांना एकच शास्त्र आवडू लागलं आहे, चंद्राचं. "चाँद एकच हाय," ते पारावर सांगतात. "त्येंना दिसलाच पायजे, आन् चतुर्थीला आपल्याला दिसता कामा नये. बिचाऱ्यानं जावं कुठं?" मुसलमानांचं साल आपल्यापेक्षा दहा-अकरा दिवसांनी आखूड, आपण अधिक महिना घालून भरून काढतो, ते काढत नाहीत, म्हणून त्यांचे सण फिरतीवर आणि आपले मुक्कामी. दशमी-एकादशी शेजारशेजारची, म्हणून २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं लागोपाठ आषाढी आणि बकरी ईद एका दिवशी आली, आणि पुष्कळ गावांत मुसलमानांनी कुर्बानी पुढे ढकलली. २०२३ मध्ये विसर्जन आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली, तेव्हा जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला आणि सरकारने सुट्टीही पुढे सरकवली. "सरकारसुद्धा सरकतंय," मामा म्हणाले. हा त्यांच्या आयुष्यातला एक मोठा विजय होता.

गणपती आणि मोहरम एकत्र येण्याचा योग बत्तीस-तेहेतीस वर्षांनी येतो आणि दोन-तीन वर्षं टिकतो. २०१८ ते २०२० असा तो येऊन गेला. शेवटचं साल करोनात वाया गेलं, याची मामांना फार रुखरुख आहे. पुढचा योग २०५१ च्या आसपास. मामा सत्तरीच्या पुढे आहेत. गुडघे गेलेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. परवा ते मांडववाल्याकडे गेले, वही उघडली आणि एक्कावन्न सालच्या भाद्रपदासाठी चौकातला मांडव, दहा दिवस, पांढरं छत, झालर ज्याची त्याची, असं त्याला लिहून घ्यायला लावलं. मांडववाल्याने विचारलं, "मामा, ॲडव्हान्स कुणाच्या नावावर टाकू? मारुतीच्या का पिराच्या?"

"निम्मा निम्मा," मामा म्हणाले. "आन् दर आजचाच लावायचा. तवा वाढवून सांगशील तर ऐकून घेणार न्हाई."